तापात आकडी आली की आधी घड्याळ बघा

पत्र: माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन ११ किलो. गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्याला कणकण आली. रात्री साडेदहाला काखेत १०३.४ ताप भरला. हातपाय मात्र गार, म्हणून सासूबाईंनी वाकळीत गुंडाळलं. तापाचं औषध अडीच मिली दिलं, ताप उतरेना म्हणून दोन तासांनी पुन्हा अडीच दिलं. सव्वाएकला डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाला लावली, मी दातांत चमचा घालायला गेले. किती वेळ चाललं सांगता येत नाही, मला तासभर वाटलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून बेळगावला नेलं. पोचेपर्यंत झटके थांबून तो झोपला होता. कॅज्युअल्टीत नर्सनी बघितलं, बोटाला टोचलं, शौचाच्या जागी औषध ठेवलं आणि बसायला सांगितलं. आमच्यामागून आलेल्यांना आधी आत घेतलं. पहाटे रक्ताचा रिपोर्ट बघून 'व्हायरल आहे, घरी न्या' म्हणाले. सीटी नाही, ॲडमिट नाही. आता तो खेळतो, पण मी रात्री तासातासाला उठून थर्मामीटर लावते. सासूबाई म्हणतात, ताप मेंदूत चढला. मी उशीर केला का? पुन्हा असं झालं तर काय करू? अंगणवाडीत कधी पाठवू?
– एक आई, जांबोटी भाग, ता. खानापूर

ताई,

उशीर झाला नाही. ही आकडी तुमच्या हातून काही राहून गेलं म्हणून आलेली नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांचा मेंदू तापाला अशी प्रतिक्रिया देतो. शंभर मुलांत दोन ते पाच जणांना हे होतं आणि ते बरेचदा ताप चढत असतानाच होतं. कितीतरी घरांत मुलाला ताप आहे हे आकडी आल्यावरच कळतं. तापाचं औषध वेळेवर आणि बरोबर मापात दिलं तरी आकडी टळतेच असं नाही, हे अभ्यासून झालेलं आहे. तेव्हा 'आणखी थोडं औषध दिलं असतं तर' हा विचार मनातून काढून टाका. वाकळीनेही आकडी आली नाही. वाकळीत गुंडाळण्यात काय चुकलं ते पुढे सांगते.

सासूबाईंची भीती खरी आहे, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत ती लागू होत नाही. काही मिनिटांत आपोआप थांबलेली, दोन्ही बाजूंच्या हातापायांना सारखीच आलेली, चोवीस तासांत पुन्हा न आलेली आकडी मेंदूला इजा करत नाही. पुढे बोलणं, शिकणं, खेळणं यात फरक पडत नाही. पुढच्या एखाद्या तापात आकडी पुन्हा येण्याची शक्यता मात्र साधारण तिघांत एकाला असते. पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आलेली असेल, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला लहानपणी आलेली असेल, तर थोडी जास्त. तुमच्या सासरी-माहेरी कुणाला आली होती का, हे विचारून घ्या. पुढे डॉक्टर विचारतीलच. म्हणून 'पुन्हा कधीच येणार नाही' असं खोटं सांगणार नाही. आली तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाच्या हाताला माहीत असलं पाहिजे.

आधी गार हातपायांचं बघू. ताप चढायला लागतो तेव्हा मेंदूतलं तापमानाचं केंद्र 'अजून गरम व्हायचंय' असा हुकूम सोडतं. मग शरीर उष्णता आत धरून ठेवतं, हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, थंडी वाजते, हुडहुडी भरते. कपाळ तव्यासारखं आणि तळवे गार, हे ताप चढत असल्याचं लक्षण. अशा वेळी हुडहुडी थांबेपुरतं एक पातळ पांघरूण चालतं. वाकळीत गुंडाळल्याने उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही, मूल आणखी तापतं. हुडहुडी थांबली आणि तळवे गरम झाले की एक सुती कपडा पुरे. मात्र हातपाय गार आहेत, सोबत अंगावर निळसर-जांभळट चट्टे दिसतात, मूल मलूल आहे आणि औषधानंतरही हातपाय गरम होत नाहीत, असं असेल तर ती थंडी वाजणं नव्हे. रक्ताभिसरण कमी पडत असल्याचं ते लक्षण आहे, लगेच निघायचं.

आता औषध. तुमच्या पत्रातली खरी दुरुस्ती इथे आहे.

अडीच मिली हे माप तुम्हाला बहुधा तो सहा महिन्यांचा असताना कुणीतरी सांगितलं होतं आणि तेच पुढे चालत राहिलं. फार घरांत असंच होतं. पॅरासिटामॉलचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो. एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ११ किलोला जास्तीत जास्त १६५ मिलिग्रॅम. बाटलीवर '१२० मिलिग्रॅम प्रति ५ मिली' असं असेल तर अडीच मिलीत फक्त ६० मिलिग्रॅम जातात. पुरेसा डोस गेला नाही, म्हणून ताप हलला नाही, म्हणून तुम्ही दोन तासांत पुन्हा दिलं. त्या बाटलीतून त्याला साडेसहा ते पावणेसात मिली लागतं. तेच औषध '२५० मिलिग्रॅम प्रति ५ मिली' असं मिळतं, त्यातलं सव्वातीन मिली. आणि थेंबांची छोटी बाटली असते तिच्यात एका मिलीतच १०० मिलिग्रॅम, त्यातलं दीड मिली. तीनही बाटल्यांवर नाव एकच असू शकतं, खोक्याचा रंगही सारखा. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून घेतलं की चौपट औषध पोटात जातं, आणि हे औषध जास्त झालं तर यकृत खराब करतं. मेडिकलवाल्याने या वेळी वेगळी बाटली दिली आहे का, हे दर वेळी लेबल वाचून बघायचं. घरी एकच ताकद ठेवा. बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहा: वजन ११ किलो, डोस इतके मिली, तारीख. वजन किलोभर वाढलं की पट्टी बदला. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतंच.

मोजायला घरातला चमचा नको, तो कुणाकडे तीन मिलीचा असतो, कुणाकडे आठचा. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका. बाटली चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसतं आणि न हलवता दिलं तर सुरुवातीला पाणचट आणि शेवटी तीव्र जातं. मुलाला मांडीवर थोडं उठतं बसवून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि हळूहळू सोडा. जिभेवर मध्येच सोडलं तर ठसका लागतो किंवा थुंकलं जातं. पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदा पुन्हा द्यायला हरकत नाही, त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेची वाट बघा. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, फारच कासावीस असेल तर चार तास, आणि चोवीस तासांत चारांपेक्षा जास्त नाही. शौचाच्या जागी ठेवतात तेही हेच औषध, त्यामुळे तेही या चारांत धरायचं. कॅज्युअल्टीत 'घरी किती वाजता, किती दिलं' हे न विचारता आपणच आधी सांगावं ते याचसाठी.

औषधाला काम करायला अर्धा ते एक तास लागतो आणि ते ताप दोन-तीन अंशांनीच खाली आणतं. १०३.४ चा १०१ झाला आणि पोरगं उठून बसलं, पाणी मागायला लागलं, तर औषध लागू पडलं म्हणायचं. ९८ वर यायलाच हवा अशी वाट बघत बसू नका. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, थर्मामीटर खूश व्हावा म्हणून नाही. ताप १०१ आहे आणि मूल खेळतंय तर औषध नाही दिलं तरी चालतं.

दुसऱ्या तापाच्या औषधांबद्दल एवढंच. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड (लाल-गुलाबी गोड सिरप म्हणून घराघरांत असतं) डॉक्टरांनी मूल तपासून सांगितल्याशिवाय देऊ नका, विशेषतः पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. डेंग्यू असेल तर ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि मूल पाणी पीत नसेल तर मूत्रपिंडावर ताण आणतात. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन अजिबात नको. सर्दीच्या सिरपमध्ये बरेचदा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, ते आणि तापाचं औषध दोन्ही दिलं की नकळत दुप्पट जातं.

पाण्याच्या पट्ट्या? कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी करते थोडंच, पण बिघडवत काही नाही. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने आणि मुलाला आवडत असेल तरच. गार पाणी, बर्फ किंवा स्पिरिट लावलं की हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढतो. स्पिरिट तर कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं.

आता आकडी.

पहिली गोष्ट, घड्याळ बघा आणि वेळ मोठ्याने बोला: 'एक वाजून सोळा.' घाबरलेल्या आईला दोन मिनिटंही वीस वाटतात, आणि पुढचा प्रत्येक निर्णय किती मिनिटं झाली यावरच ठरतो. हे काम सासूबाईंना द्या. त्यांच्या हाताला काम मिळेल आणि कांदा आणायला कुणी धावणार नाही.

दुसरी गोष्ट, मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवा. त्याचा वरचा गुडघा थोडा दुमडा, हनुवटी छातीला टेकू देऊ नका, किंचित वर ठेवा, गाल खाली. तोंडातली लाळ, फेस, उलटी जे काही असेल ते बाहेर ओघळलं पाहिजे. उताणं ठेवलं तर तेच घशात जातं. गळ्यातला ताईत-दोरा सैल करा, जवळची भांडी-पाट बाजूला सारा. आणि बस. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी, औषध काही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो आणि बोट घातलं तर तेही चावलं जातं. ओठ थोडे निळसर दिसतील, लघवी होईल. बघवत नाही, पण हे आकडीतच धरलेलं आहे, ती थांबली की रंग परत येतो.

कांदा-चपलेला यश मिळतं त्याचं कारण सरळ आहे. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, तेवढ्यात जो शेवटचा उपाय झाला त्याला श्रेय जातं. अंगारा लावायचा असेल तर लावा, दृष्ट काढायची असेल तर काढा, पण मूल कुशीवरच राहू दे आणि गाडी थांबवू नका.

तिसरी गोष्ट, घरात आणखी कुणी मोकळं असेल तर मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचं चित्रण करा. संकोच वाटू देऊ नका. दोन्ही हात हलत होते की एकच, डोळे कुठे होते, हे त्यावरून डॉक्टरांना क्षणात कळतं. तोंडी वर्णनातून ते कळत नाही.

आकडी थांबल्यावर मूल गाढ झोपतं, अर्धा तास ते तासभर सुस्त राहतं. छाती वरखाली होते आहे ना हे बघत राहा, कुशीवरच ठेवा आणि पूर्ण जागं होऊन तुम्हाला ओळखेपर्यंत तोंडातून काही देऊ नका. आयुष्यातली पहिली आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचंच, तुम्ही दाखवलंत ते बरोबर केलंत. पुढच्या वेळी दोन मिनिटांत थांबली, मूल तासाभरात नेहमीसारखं झालं आणि तापाचं कारण डॉक्टरांनी तपासलेलं असेल, तर रात्री दोनला गाडी शोधत धावायची गरज नाही, सकाळी दाखवलं तरी चालतं.

पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही तर मात्र थांबायचं नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, ती औषधानेच थांबवावी लागते. एका बाजूलाच झटके, चोवीस तासांत दुसऱ्यांदा आकडी, थांबल्यावर तासाभरानेही शुद्धीवर न येणं, किंवा मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असणं, यातलं काहीही असेल तर वेळ न बघता निघायचं.

इथे जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला प्रश्न वेगळाच आहे. बेळगाव लांब, पावसात रस्त्याचा भरवसा नाही, घरात एका कोपऱ्यातच रेंज. म्हणून दोन गोष्टी दिवसाउजेडी करून ठेवा. पुढच्या वेळी मुलांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा, 'नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवू का?' हे औषध आकडी थांबवतं, चिठ्ठीवरच मिळतं, आणि ११ किलोच्या मुलाला किती वेळा दाबायचं ते डॉक्टरांकडूनच त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, कारण फवाऱ्यांची ताकद वेगवेगळी असते. दुसरं, आशाताईंना विचारून ठेवा की तुमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री कोण असतं आणि खानापूरच्या तालुका दवाखान्यात रात्री मुलांना कोण बघतं. आकडी चालू असताना बेळगाव गाठण्याचा हट्ट धरू नका. जिथे ऑक्सिजन आणि आकडी थांबवायचं इंजेक्शन आहे असं सगळ्यात जवळचं ठिकाण आधी. आकडी थांबली, श्वास नीट झाला की मग पुढे बेळगाव. निपाणी-चिकोडीकडची माणसं कोल्हापूर गाठतात, तिथून ते जवळ पडतं म्हणून गाठावंच, फक्त आपलं कर्नाटकचं आरोग्य कार्ड तिथे चालेल का हे दारातच विचारून घ्यावं.

१०८ ला फोन लावताना पहिलं वाक्य गाव, तालुका, जिल्हा आणि 'कर्नाटक' असं म्हणा. सीमेजवळच्या गावांत मोबाइल कधीकधी पलीकडच्या राज्याचा टॉवर धरतो आणि मग बोलण्यात मिनिटं जातात. फोनवर कन्नड आलं तर गोंधळू नका, ही वाक्यं भिंतीवर लिहून ठेवा: 'मगुविगे फिट्स बंदिदे, इन्नू निंतिल्ल' (बाळाला फिट आली आहे, अजून थांबलेली नाही). 'ऐदु निमिष आयितु' (पाच मिनिटं झाली). 'ज्वर मूरु दिनदिंद इदे' (तीन दिवस ताप आहे). 'तूक हन्नोंदु किलो' (वजन ११ किलो). बेळगावात मराठी बहुतेकांना कळतं, पण रात्रपाळीचे डॉक्टर रायचूर-विजापूरकडचे असू शकतात, आणि घाईच्या वेळी हे वाक्य त्यांच्या भाषेत पडलं तर त्यांचंही काम सोपं होतं.

गाडीत मूल मागच्या सीटवर, कुशीवर, डोकं तुमच्या मांडीवर. खांद्यावर टाकून मान छातीवर पडू देऊ नका. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आकडीतलं मूल नेऊ नका. दुसरं साधन येईपर्यंत जमिनीवर कुशीवर असलेलं मूल जास्त सुरक्षित असतं. सोबत औषधाची बाटली (नाव सांगण्यापेक्षा बाटलीच दाखवायची), लसीकरणाचं किंवा तायी कार्ड (गरोदरपणात मिळतं ते आई-बाळाचं कार्ड), रेशन कार्ड, आधार, दोन कपडे आणि चार्जर. भरती करायची वेळ आली तर बीपीएल रेशन कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, म्हणून ते कार्ड घरी विसरू नका.

कॅज्युअल्टीत तुम्हाला बसवून ठेवलं याचं दुःख पत्रात दिसतं. तिथे नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही, कोण किती गंभीर यावर लागतो. नर्सनी बघितलं ते हेच ठरवायला: बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन, नाडी, श्वासाचा वेग, छातीच्या हाडावर बोट दाबून सोडलं की रंग दोन-तीन सेकंदांत परत येतो का. बोटाला टोचलं ते साखर बघायला, कारण साखर उतरूनही झटके येतात. हे सगळं ठीक निघालं म्हणून तुम्ही बाकावर बसलात, आणि बसवून ठेवणं हेही निरीक्षणच होतं. आकडीनंतर मूल काही तासांत कसं जागं होतं, हे बघायचं असतं. दुसऱ्याला आत घेतलं म्हणून भांडू नका. पण तुमच्या मुलात बदल झाला, श्वास जोरात चालू झाला, उठवून उठेना, पुन्हा झटका आला, तर रांग सोडून सरळ आत जाऊन सांगा. आणि पोचल्या पोचल्या एका दमात सांगायचं ते असं: 'सव्वादोन वर्षं, ११ किलो, ताप संध्याकाळपासून, आकडी सव्वाएकला इतकी मिनिटं, औषध साडेदहा आणि साडेबाराला अडीच-अडीच मिली, लघवी शेवटची अमुक वाजता.' कागदावर लिहिलेलं असेल तर उत्तम.

सीटी केला नाही ते योग्यच झालं. अशा साध्या तापाच्या आकडीत सीटी किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) लागत नाही, त्यातून काही कळत नाही आणि सीटीत किरणोत्सर्ग अंगात जातो. वर्षाच्या आतलं बाळ असतं, मान ताठ असती, आकडीनंतर शुद्ध नीट आली नसती, किंवा आधीच अँटिबायोटिक चालू असतं, तर मेंदूज्वर नाही ना हे बघायला डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायचं म्हटलं असतं. तशी वेळ आली तर घाबरून नकार देऊ नका.

'व्हायरल' म्हणून घरी पाठवलं याचा अर्थ तपासणी संपली असा नाही. ताप अठ्ठेचाळीस तासांनंतरही तसाच राहिला तर पुन्हा दाखवायचं, पाच दिवस झाले तर थांबायचंच नाही. पहिल्या दिवशीच्या रक्तात प्लेटलेट्स चांगल्या होत्या म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही. डेंग्यूत ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, खरा धोका असतो. ताप गेला आणि मूल उलट मलूल झालं, पोट दुखतंय म्हणतंय, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, असं दिसलं तर 'ताप तर गेला' म्हणून घरी ठेवू नका. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: घरातलं कुणी जंगलात जातं का, गुरांना गोचीड आहे का, आसपास माकडं मेलेली दिसली का, मुलाच्या अंगावर काखेत-जांघेत काळी खपली आहे का. क्यासनूरचा माकडताप शेजारच्या उत्तर कन्नडात, सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीत येतो, गोचिडीतून पसरतो. काळी खपली पडणारा स्क्रब टायफस किड्याच्या चावण्यातून होतो आणि तो वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो.

आकडी नसतानाही ताबडतोब निघायचं कधी? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी, तेही घरी औषध न देता. इतर मुलांत थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा मूल बघायचं. औषधाने ताप थोडा उतरल्यावरही ते डोळ्याला डोळा देत नाही, काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही. श्वास मोजायला मूल शांत असताना बंडी वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोट-छाती बघा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, म्हणजे वेगवान. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत खचत असेल तर मोजतही बसू नका. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले तर काचेचा पेला त्यावर दाबा. काचेतून बघताना ठिपके नाहीसे होत नसतील तर ती आणीबाणी आहे.

रात्रीचं थर्मामीटर आजपासून बंद करा. ताप नसलेल्या, झोपलेल्या मुलाला तासातासाला मोजून काही टळत नाही, तुमची झोप मात्र जाते, आणि खरंच ताप येईल त्या रात्री तुमच्याच हातात ताकद हवी. ताप आलेल्या रात्रीही झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवायची गरज नाही. एकाच खोलीत झोपा, दोन-तीनदा जाग आली तर श्वास बघा, पुरे. जागं असेल तेव्हा थोडंथोडं पाणी, पेज, ताक, आईचं दूध. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्ध्या पाकिटाला अंदाजे पाणी घातलं की क्षाराचं प्रमाण बिघडतं. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर बाजूला ठेवा, डिजिटल आणा. काख कोरडी पुसून टोक काखेच्या खोल भागात, हात अंगाशी धरून 'टीं' वाजेपर्यंत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो, पण स्वतः मिळवणी करू नका, डॉक्टरांना 'काखेत इतका' एवढंच सांगा.

आणि एखाद्या शांत दुपारी नवरा, सासूबाई, तुम्ही, तिघांनी मुलाला खेळता खेळता कुशीवर वळवून बघा. वरचा गुडघा, हनुवटी, गाल. त्यालाही मजा वाटेल आणि हाताला सवय होईल.

अंगणवाडीत औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नसेल आणि खाणं-खेळणं नेहमीसारखं असेल तर उद्याच पाठवा. तिथल्या ताईंना मात्र एका कागदावर लिहून द्या: तापात आकडी येऊ शकते, आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची, पाच मिनिटांनंतर १०८, आणि खाली तुमचा व शेजारच्या गाडीवाल्यांचा नंबर.